हळद लागलेला ग्लोव्ह

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या माणसाने बेसबॉलवर लिहावं हे वाचणाऱ्याला जेवढं विचित्र वाटेल, तेवढंच मलाही वाटतं आहे. मस्कतमधल्या आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "विलासराव, इतकी वर्षं गालाला दुकान चालवलंत, काहीतरी लिहा" असा आग्रह झाला, तेव्हा मी रेक्झिन आणि फोम यांच्यावर लिहायला बसलो होतो. माझी बायको सुनंदा खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "फोमबद्दल कोण वाचणार? तुम्ही हरलात त्याबद्दल लिहा. लोकांना दुसऱ्याचं हरणं आवडतं." तिचं बहुतेक बरोबर असतं, हे मी हल्ली भांडण न करता मान्य करतो.

ज्यांनी गाला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मस्कतमध्ये मोठमोठे मॉल आहेत, समुद्राकाठचे रस्ते आहेत, आणि त्या सगळ्यात फिरणाऱ्या गाड्या बिघडल्या की जिथे येतात ते गाला. गॅरेजं, टायरवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले, आणि त्यांच्यामध्ये एका गाळ्यात मी. कागदोपत्री दुकान आमच्या ओमानी अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, शिलाई माझी. काम सोपं आहे, उन्हाने फाटलेलं पुन्हा शिवायचं. आणि इथलं ऊन माझ्या पोटापाण्याची काळजी घ्यायला समर्थ आहे. मी देवरुखकडचा. दाभण आणि आरी चिपळूणच्या एका उस्तादाच्या हाताखाली धरायला शिकलो. माझी शिवण उसवून परत आलेली गाडी अजून कोणी दाखवलेली नाही. आखडू म्हणा हवं तर.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकाने जुन्या जीपच्या सीटवर आपल्या आजोबांच्या उंटाच्या खोगिराचं चामडं लावून घेतलं आणि वास जाऊ देऊ नकोस म्हणून बजावलं. दुसरा नवीकोरी गाडी घेऊन आला आणि सीटवरचं प्लास्टिक काढू नकोस, त्याच्यावरूनच कव्हर शिव म्हणाला. त्यामुळे एका दुपारी एक जपानी गृहस्थ चामड्याचा फाटका पंजा घेऊन आत आले, तेव्हा मी शांतपणे विचारलं, "कुठल्या गाडीचं आहे?"

ते मोरिता. आखातात बेसबॉलची नवी व्यावसायिक लीग सुरू होत होती आणि मस्कतच्या संघाचे ते प्रशिक्षक होते. हातातलं प्रकरण म्हणजे ग्लोव्ह. तो त्यांनी आधी दोन ठिकाणी दाखवला होता. एकाने चिकटवून दिला, दुसऱ्याने नवा घ्या म्हणून सांगितलं. मी तो उलटासुलटा पाहिला. आतल्या वाद्या, म्हणजे चामड्याच्या बारीक पट्ट्या, सुकून तुटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी न्यायला या म्हटलं. ते आले, ग्लोव्ह हातात घातला, मूठ मिटली, उघडली, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि मला कमरेत वाकून नमस्कार केला. गालामध्ये असला प्रकार कधी होत नाही. शेजारचे टायरवाले इक्बालभाई, रत्नागिरीचे, पाना हातात धरून बघतच राहिले. "विलासशेठ, काय शिवलात काय? त्याचा देव?" म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मोरिता गोणीभर ग्लोव्ह घेऊन आले, आणि महिन्याभरात मी संध्याकाळचा संघाचा साहित्यवाला झालो. दिवसा सीटा, संध्याकाळी ग्लोव्ह.

खेळ थोडक्यात सांगतो, कारण मलाही थोडक्यातच कळतो. क्रिकेटचा चुलतभाऊ समजा. चेंडू टप्पा न पडता थेट येतो, मारणारा गोल दांडक्याने मारतो, आणि बाकीचे एका हातात ग्लोव्ह घालून उभे असतात. ग्लोव्हच्या अंगठ्यामध्ये आणि पहिल्या बोटामध्ये वाद्यांची विणलेली जाळी असते. चेंडू त्या जाळीत बसतो. जाळी सैल असली की चेंडू निसटतो, आणि निसटला की शिव्या साहित्यवाल्याला. सगळ्यात महत्त्वाचा माणूस चेंडू टाकणारा. त्याचा खांदा आणि त्याची बोटं यांच्यावर अख्खा संघ चालतो. त्याच्या बोटांना काही चिकट लागलं असेल तर चेंडूला जास्त पीळ देता येतो, म्हणून पंच मधूनमधून त्याचे हात, टोपी, पट्टा आणि ग्लोव्ह तपासतात. हा नियम लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

आमचा संघ लीगमधला सगळ्यात कोवळा. बहुतेकांच्या दाढ्या अजून ठरायच्या होत्या. भारतातले, पाकिस्तानातले, श्रीलंकेतले, दोन जपानी आणि काही ओमानी पोरं. संघाचं नाव मी लिहीत नाही. हरलेल्याचं नाव छापू नये असं आमच्या अर्बाबचं मत आहे. आणि हरलो म्हणजे किती प्रकारांनी हरलो! पुढे असताना हरलो, मागे असताना तर हरलोच, एकदा दोघं एकाच झेलासाठी धावले आणि एकमेकांना "तू घे, तू घे" म्हणत चेंडू मध्ये पडू दिला. जिंकलेले सामने मोजायला एका हाताची सगळी बोटंही लागत नाहीत. तरी बघायला लोक यायचे. शुक्रवारी कामगारांच्या कॅम्पांतून बसा भरून यायच्या. नियम कोणाला कळत नसत, पण टाळ्या जोरात.

या संघात चेंडू टाकायचा हमूद. समुद्राकाठच्या सहम गावचा, मासेमाराचा मुलगा, बलुची. त्या लोकांना हिंदी चांगली येते, त्यामुळे आमचं लवकर जमलं. सोहार औद्योगिक वसाहतीत पाइपांच्या कारखान्यात त्याला नोकरी होती, चांगली, कायमची. हंगामापुरती बिनपगारी रजा टाकून तो आला होता. त्याच्या बापाला हे मुळीच पसंत नव्हतं. हंगाम संपला की मोरिता काही जणांनाच पुढच्या वर्षासाठी ठेवणार होते. हमूदला ठेवलं तर तो खेळणार, नाही तर पाइपांकडे परत, आणि मग पुन्हा रजा मिळणार नव्हती. हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यानंतर त्याचा ग्लोव्ह मी जरा जास्तच निगुतीने बघू लागलो.

आणि आली खंडेनवमी.

दुकानात मी दर वर्षी पूजा करतो. मशीन, दाभण, आरी, कात्री पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं, आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. जी हत्यारं वर्षभर आपल्याला खायला घालतात त्यांना एक दिवस विश्रांती. त्या वर्षी ग्लोव्हसुद्धा माझी हत्यारं होते. मी मोरितांना विचारलं. ते एकदम खूश झाले. आमच्याकडेही हंगाम संपला की ग्लोव्हचे आभार मानतात, म्हणाले. फक्त एक अडचण होती. त्याच संध्याकाळी सामना होता. पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं, हे मी त्यांना समजावून पाहिलं. लीगचं वेळापत्रक आमच्या पंचांगावर चालत नाही, एवढंच ते नम्रपणे म्हणाले.

दुपारी सामान ठेवायच्या खोलीत मी टेबलावर ग्लोव्ह मांडले. हमूदचा आणि बाकीच्या मुसलमान पोरांचे मुद्दाम बाजूला ठेवले. आपली पूजा दुसऱ्याच्या वस्तूवर लादू नये, एवढं मला कळतं. खेळाडू आले, बघितलं, कोणी फोटो काढले. हमूद मात्र आपला ग्लोव्ह हातात घेऊन उभाच राहिला.

"अंकल, सबका किया, मेरा नहीं?"

"अरे, तुम लोगों में चलता है क्या? इसलिए नहीं किया."

"हल्दी तो हमारे घर मछली में रोज डालते हैं. सबको लगाया, मैं टीम में नहीं क्या?"

त्याचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, आण इकडे.

आता इथे माझ्यातला कारागीर नडला. कोरी हळद चामड्यावर टिकत नाही, झटकली की गेली. बाकीच्या ग्लोव्हना मी कोरी चिमूट वाहिली होती. पण या पोराने मागून घेतली होती, ती संध्याकाळपर्यंत टिकली पाहिजे असं मला वाटलं. शिवायच्या दोऱ्याला लावायचं मेण माझ्या डब्यात असतंच. हळदकुंकू त्या मेणात मळलं, थोडं खोबरेल घातलं, आणि ग्लोव्हच्या तळव्यावर असं झकास बोट ओढलं की पुसून दाखवा. हमूदने ग्लोव्ह छातीशी धरला. त्याचा आनंद बघून मला फार बरं वाटलं, ते आठवलं की अजून कानकोंडं होतं.

त्या संध्याकाळी तो असा चेंडू टाकत होता की समोरचे दांडकं फिरवायचे आणि हवा कापून परत जायचे. हंगामात पहिल्यांदाच आम्ही चांगले पुढे होतो. कॅम्पातली मंडळी खुर्च्यांवर उभी राहिली होती. मग पंच त्याच्याजवळ गेला. हात बघितले, टोपी बघितली, ग्लोव्हमध्ये बोट घातलं. बोट बाहेर आलं ते पिवळं, आणि चिकट. त्याने अंगठ्याने चोळून बघितलं, पुन्हा चोळलं, आणि हमूदला मैदानाबाहेर काढलं.

मी कुंपणापाशी "सर, पूजा, सर, पूजा" म्हणून ओरडत होतो. पंचाला वाटलं पूजा नावाच्या कोणाला तरी मी हाक मारतो आहे. बदली चेंडू टाकणाऱ्याने पुढचं सगळं घालवलं आणि आम्ही नेहमीप्रमाणे हरलो.

घरी सुनंदा एवढंच म्हणाली, "पूजेचं हत्यार उचललंत. मग दुसरं काय होणार?" जेवण गेलं नाही. हमूदवर पाच सामन्यांची बंदी आली होती. जो मैदानात दिसत नाही त्याला पुढच्या वर्षी कोण ठेवणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पोराची बिनपगारी रजा मी बोटभर मेणाने पुसली होती.

मी मोरितांना म्हटलं, मला लीगच्या समितीसमोर घेऊन चला. एका हॉटेलच्या गार गार खोलीत तिघं साहेब बसले होते, शेजारी तो पंच. मी सुनंदाचा कुंकवाचा करंडा, हळदीची डबी आणि मेणाची वडी टेबलावर ठेवली आणि इंग्रजीची मोडतोड करत सगळं सांगितलं. एका साहेबाने हळदीचा वास घेतला. "हे तर आमच्या घरी जेवणात असतं." मग दुसऱ्याने गंभीरपणे विचारलं, "याने खेळाडूची कामगिरी सुधारते का?"

मी म्हटलं, "सर, सुधारत असती तर आम्ही सगळ्यात खाली असतो का?"

आधी पंच हसला, मग तिघंही. पण हसले तरी नियम नियमाच्या जागी राहिला. सामना गेला तो गेलाच. मुद्दाम केलेलं नाही हे त्यांनी मानलं, बंदी तीन सामन्यांची केली, आणि ग्लोव्ह स्वच्छ करून दाखवा असा हुकूम दिला. मेण निघालं. हळदीचा डाग काढायला मात्र मी माझ्याकडचं सगळं करून पाहिलं. ज्याच्या घरात कोणाच्या लग्नात पांढरा सदरा होता, त्याला हळदीबद्दल मी नव्याने सांगायला नको. डाग राहिला. पंचांनी तो बघून, चोळून, चिकट नाही याची खात्री करून परवानगी दिली.

बंदीच्या काळात हमूदला मैदानावर सरावही करता येत नव्हता. मी त्याची माफी मागायला गेलो तर तोच म्हणाला, "अंकल, मैंने बोला लगाओ. माफी मुश्किला." अरबीत 'माफी' म्हणजे 'नाही'. मुश्कील नाही म्हणे. मुश्कील तर चांगली डोंगराएवढी होती. मी इक्बालभाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी ट्रकचा टायर साखळीने टांगला होता, बरोबर छातीच्या उंचीवर. हमूद रोज दुपारनंतर तिथे येऊन त्या टायरमधून चेंडू काढायचा. काही दिवसांनी इक्बालभाईंनी ट्रकचा टायर काढून गाडीचा लावला, मग स्कूटरचा. आजूबाजूचे मेकॅनिक, पेंटर, चहावाला मलबारी, सगळे काम सोडून उभे. चेंडू आरपार गेला की गालाभर आरोळी. त्यांच्यातल्या एकाचीही गाडी तेव्हा वेळेवर तयार झाली नसेल. मला त्या दिवसांत फार जणांचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

बंदी संपली. हमूद परतला, चांगलं खेळला, आणि आम्ही हरत राहिलो. शेवटचा सामना मस्कतमध्येच होता, आणि त्या दिवशी त्याचा बाप आला. सालेमबाबा. उंच, वाळलेले, पायांत चपला, हातांना जाळ्यांचे जुने काप. आमच्या बाकाच्या अगदी मागे, कुंपणाच्या जाळीला नाक लावून बसले. मला म्हणाले, "मैं सिर्फ देखने आया. कल उसको सोहार ले जाएगा."

सामना अर्ध्यावर असताना हमूदच्या ग्लोव्हची जाळी तुटली. एक जोरदार चेंडू त्याने अडवला आणि वादी तटकन गेली. या खेळात पाळ्या आलटून पालटून येतात. आमची फलंदाजी सुरू झाली होती, म्हणजे ग्लोव्ह दुरुस्त करायला तेवढाच वेळ, आणि आमच्या फलंदाजीचा भरवसा काय सांगावा! मी डबा उघडला. गाडीत राहिल्याने सुट्या वाद्या उन्हाने वाळून काडीसारख्या झाल्या होत्या. एक ओढली, तुटली. दुसरी ओढली, तुटली.

मागून आवाज आला. "इधर लाओ."

सालेमबाबांनी खिशातून गडद हिरव्या दोरीचं गुंडाळं काढलं, मासेमारीची जाळी विणायची दोरी. मोरितांनी मान डोलावली आणि मी कुंपणाचं दार उघडून त्यांना आत घेतलं. जाळीची दोन टोकं त्यांनी ताणून धरली, मी दाभणाने दोरी ओवली. मला वाटलं गाठ मी मारावी. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः मारली. मी जन्मभर गाठी मारल्या आहेत, पण ती कशी मारली ते मला दिसलंच नाही. तोवर आमचा त्या पाळीतला शेवटचा फलंदाज बाद होऊन परत येत होता.

पंचाने ग्लोव्ह हातात घेतला. हाच तो, खंडेनवमीच्या सामन्यातला पंच. दोरी ओढून पाहिली, गाठ पाहिली. मग पिवळ्या डागावर अंगठा फिरवला, माझ्याकडे बघून एक भुवई वर केली, आणि ग्लोव्ह हमूदला दिला.

हमूदने शेवटपर्यंत चेंडू टाकला. एका धावेने हरलो, तेही आमच्याच एकाने सोपा झेल सोडला म्हणून. पण हमूद मैदानातून परत येताना अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं. टाळ्या थांबत नव्हत्या. सालेमबाबांनी मला विचारलं, "जीता क्या?"

"नहीं बाबा. हार गया."

"फिर ये लोग क्यों खड़ा है?"

"हमूद के लिए."

ते जाळीला धरून उभे राहिले. मग डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "अच्छा." दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे त्याला सोहारला घेऊन गेले.

त्यानंतर उन्हाळा आला. सीटा फाटण्याचा मोसम, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. कोणाला ठेवलं, कोणाला काढलं, काही कळेना. मी विचारलंही नाही, कारण उत्तर काय येईल याची भीती होती. एका दुपारी, बाहेर रस्ता वितळत असताना, मोरिता दुकानात आले. पिशवीतून एक ग्लोव्ह काढून काउंटरवर ठेवला.

"सगळ्या वाद्या नव्या घाला," ते म्हणाले. "आणखी एक हंगाम टिकायला हवा."

तळव्यावर पिवळा डाग होता. मी मान खाली घालून दाभण शोधायला लागलो. ते कुठे आहे ते मला चांगलं माहीत होतं, पण डोळे भरलेले गिऱ्हाइकाला दाखवू नयेत. वर बघितलं तेव्हा मोरिता वाकून नमस्कार करत होते. मीही वाकलो. जमलं नाही, काउंटरला डोकं आपटलं.

त्या ग्लोव्हच्या सगळ्या वाद्या मी बदलल्या. हिरवी दोरी तेवढी ठेवली. नियमाने तीही काढायला हवी होती.

या वर्षी हंगामाचं वेळापत्रक आलं तेव्हा मी आधी पंचांग काढलं. खंडेनवमी मोकळी होती. सकाळी मी दुकानात पूजा मांडली तेव्हा हमूद आणि सालेमबाबा सहमहून आले, येताना हातभर सुरमई घेऊन. नवमीच्या दिवशी सुरमई! सुनंदाने हसून ती घरी नेली आणि फ्रीजमध्ये नीट झाकून ठेवली. हमूदने ग्लोव्ह माझ्या मशीनशेजारी पाटावर ठेवला आणि बोट उगारून म्हणाला, "अंकल, इस बार सूखी हल्दी."

कोरी चिमूट वाहिली. इक्बालभाई चहा घेऊन आले. मशीन झाकलेलं, शटर अर्धं खाली, आणि आम्ही चौघं दिवसभर कशालाही हात न लावता बसून राहिलो.

दसऱ्याच्या संध्याकाळी हंगामाचा पहिला सामना झाला. तो आम्ही हरलो. चेंडू हमूद टाकत होता.